आजीचं गोंदण आणि बारा बाय अठरा

आजी गेल्यावर आठव्या दिवशी संध्याकाळी बाबा तिचा फोटो घेऊन आले. बारा बाय अठरा, सोनेरी कडेची फ्रेम, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. दहाव्याला फोटो लागतो. आत्यानं कागद सोडवला, फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली आणि दोन पावलं मागे सरकली. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग आत्याच म्हणाली, "आईचं गोंदण कुठंय?"

आजीच्या कपाळावर, भुवयांच्या मधोमध तीन ठिपके होते, एकाखाली एक. हनुवटीवर एक. रंग हिरवट काळा, उतारवयात कडा जरा पसरलेल्या. फोटोतल्या बाईच्या कपाळावर काहीच नव्हतं. ठिपके नव्हते, आठ्या नव्हत्या, उजव्या गालावरचा तीळसुद्धा नव्हता. उन्हात द्राक्षबागेत चाळीस वर्षं काढलेल्या बाईचा चेहरा दुधात हळद घातल्यासारखा झाला होता. मागे आमच्या ओसरीच्या जागी निळं आकाश आणि त्यातून फुटलेले किरण.

दहाव्याला तोच फोटो लागला, दुसरा आणायला वेळच नव्हता. हार घातला. कुणीतरी काचेवर गंधाचं बोट टेकवलं, ते बरोबर गोंदणाच्या जागी उमटलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं, कारण तो फोटो मुळात मी काढलेला होता.

पुढे पुण्याला परतल्यावर मी सवयीनं तेच केलं जे ऑफिसात करते. बग कुठे शिरला ते उलट्या दिशेनं शोधत गेले. ऑक्टोबरमध्ये मी ओसरीवर आजीचा फोटो काढला. तो घरच्या ग्रुपवर टाकला. तिथे व्हॉट्सॲपनं तो आपल्या पद्धतीनं दाबून लहान केला, लांब बाजू साधारण सोळाशे पिक्सेलवर आणली. एका चुलतभावानं तो कुठल्याशा ॲपमधून काढून 'छान' केला आणि स्टेटसला ठेवला. त्या स्टेटसचा आत्येबहिणीनं स्क्रीनशॉट घेतला. आजी गेली त्या रात्री तो स्क्रीनशॉट पुन्हा ग्रुपवर आला, आणि बाबांनी तोच स्टुडिओला पाठवला. गोंदण स्टुडिओत गेलंच नव्हतं. ते आमच्याच घरातल्या कुणाच्या तरी अंगठ्याखाली, 'स्मूथ'ची पट्टी पुढे ओढताना गेलं.

स्टुडिओवाल्याच्या हाती काय आलं असेल त्याचा हिशोब केला. स्क्रीनशॉटची रुंदी १०८० पिक्सेल. त्यातला चेहरा-खांद्यांपुरता भाग कापला तर सातशे-वीस उरतात. ते बारा इंचांवर पसरले की एका इंचाला साठ. चांगल्या प्रिंटला इंचाला तीनशे पिक्सेल असावेत असं सर्वसाधारण गणित आहे. भिंतीवरची फ्रेम चार-पाच फुटांवरून पाहायची असते, म्हणून तिथे दोनशेतही भागतं. साठमध्ये मात्र चेहऱ्याचे चौकोन दिसायला लागतात. ते लपवायला पुन्हा गुळगुळीत करावं लागतं, आणि मागचं फाटलेलं चित्र लपवायला आकाश लावावं लागतं. त्या माणसानं दोन तासांत, दुःखातल्या गिऱ्हाइकासाठी, जे मिळालं त्यातून काम भागवलं होतं. त्याच्यावर रागवायची माझी तयारी होती, पण हिशोबात त्याचं नाव फारच खाली आलं.

वर्षश्राद्धाला नवा फोटो मी करून आणीन असं आत्याला सांगितलं. सांगताना सोपं वाटलं. माझ्या फोनमध्ये तेव्हा सव्वीस हजार फोटो होते, आणि पासपोर्ट साईझ सोडले तर मी आयुष्यात एकही फोटो कागदावर उतरवलेला नव्हता.

मूळ फाईल फोनच्या बॅकअपमध्ये सापडली. चार हजार बाय तीन हजार पिक्सेल. आजी ओसरीच्या कडेला बसलीय, मांडीवर सुपात भुईमुगाच्या शेंगा, पश्चिमेकडून तिरपं ऊन, पोपटी काठाचं लुगडं. तिला मी फोटो काढतेय हे कळलेलं आहे आणि तिला ते फारसं पसंत नाही. मान जराशी कललेली. आजी नेहमी म्हणायची की गडावरची देवी मान कलती करून मार्कंडेय ऋषींचं पारायण ऐकते. आजीची मान मात्र ऐकायला नाही, आता पुरे म्हणायला कललेली.

'मूळ फाईल' हा शब्द मी सहज वापरला, पण फोनच्या फोटोत मूळ असं फार काही नसतं. बटण दाबलं की फोन एकामागोमाग अनेक चित्रं घेतो, ती एकावर एक बसवतो, सावल्या वर उचलतो, आकाश खाली आणतो, कडा धारदार करतो. कित्येक फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करण्याची सोय आधीपासूनच चालू असते. माझ्यात ती बंद होती, हे नशीब. शंभर टक्के मोठं करून पाहिलं तर तीन ठिपके होते. त्यातला मधला जरा डावीकडे सरकलेला. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

आकाराची पहिली अडचण कुणालाही येते, म्हणून सांगते. फोनचा फोटो चारास तीन असतो. आपल्याकडे लॅबमध्ये सर्रास चालणारे कागद, चार बाय सहा, आठ बाय बारा, बारा बाय अठरा, हे सगळे तिनास दोन. काही न सांगता फाईल दिली तर मशीन कागद भरण्यासाठी फोटोचा नववा हिस्सा कापून टाकतं. माझ्या फोटोत त्या नवव्या हिश्शात सूप धरलेला आजीचा डावा हात होता. उपाय सोपा निघाला. बारा बाय अठराच्या पांढऱ्या पानावर बारा बाय सोळाचा फोटो ठेवायचा, वर-खाली एकेक इंच कोरा सोडायचा आणि ते पान फाईल म्हणून द्यायचं. इंचाला अडीचशे पिक्सेल भरले. हात वाचला.

मग रविवारी मी ती फाईल पेनड्राइव्हवर घेऊन नाशिकच्या एका कलर लॅबमध्ये गेले. वणीहून एस.टी.नं तास-सव्वा तास. तिथलं मोठं मशीन शाई उडवणारं नव्हतं. आत लाल, हिरवा आणि निळा असे तीन लेझर प्रकाशाला जागणाऱ्या कागदावर चित्र लिहितात, मग तोच कागद डेव्हलपरमधून, ब्लीच-फिक्समधून, पाण्यातून जाऊन वाळून बाहेर पडतो. म्हणजे फाईल डिजिटल असली तरी शेवटचा प्रवास आपल्या आजोबांच्या काळातल्या फोटोसारखाच, रसायनातून. दुकानात त्याचा आंबटसर वास होता.

मशीनवर बसलेल्या माणसाला मी म्हटलं, "दादा, ऑटो करेक्शन बंद ठेवून काढाल का?"

"ताई, काळं येईल. मग परत घेऊन याल."

"नाही आणणार."

"सगळे असंच म्हणतात." तो हसला. मग त्यानं जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही. चेहरा काळा आला म्हणून प्रिंट परत आणणारे त्याला रोज भेटतात. इतक्या वर्षांत चेहरा जास्त गोरा आला म्हणून एकही माणूस परत आलेला नाही. मग त्यानं मशीन कुठल्या बाजूला चुकवायचं?

ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. गेल्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी प्रिंट काढणाऱ्या लॅबना एक नमुना-फोटो पाठवत असे. त्यात एक गोरी बाई असायची. तिच्या कातडीचा रंग बरोबर उतरला की मशीन बरोबर लागलं असं समजायचं. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्या सगळ्याच कार्डांना 'शर्ली' म्हणत. काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे त्याच मापानं छापले जायचे आणि डोळे-दात सोडून बाकी अंधारात जायचे. पुढे फिल्म सुधारली. त्यामागे चॉकलेटच्या आणि फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांच्या तक्रारी होत्या असं सांगतात. चॉकलेटचे आणि लाकडाचे तपकिरी रंग नीट येईनात म्हणे! वेगवेगळ्या वर्णांच्या बायका एकाच कार्डावर यायला १९९० चं दशक उजाडलं.

आपल्या घरातली शर्ली त्याहून जुनी आहे. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती देशभरच्या भिंतींवर गेल्या. त्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. गालाचा गुलाबी वेगळा, सावलीचा तपकिरी वेगळा. म्हणजे देवीची कांती किती उजळ हे कुणीतरी दगडागणिक बसून ठरवत होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच धंद्यात होते. त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला, नंतर लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला, रविवर्मा प्रेससाठी काम केलं आणि १९०९ मध्ये तिरंगी छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याआधीची काही वर्षं या माणसानं कागदावर रंग बरोबर कसा बसेल याच काळजीत काढली, हे मला फाळक्यांबद्दल शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

तर, ऑटो करेक्शन बंद ठेवून प्रिंट निघाली. आणि ती काळी आली.

काळी म्हणजे आजीच्या रंगाची नव्हे. डोळ्यांच्या खोबणी भरून गेल्या होत्या, लुगड्याच्या घड्या दिसत नव्हत्या, पोपटी काठ शेवाळी झाला होता. आणि गोंदण? ते कपाळाच्या काळोखात मिसळून गेलं होतं. गोऱ्या फोटोत ठिपके पुसले गेले होते, काळ्या फोटोत बुडाले होते. मशीनवरच्या दादांनी एक अक्षर न बोलता प्रिंट लिफाफ्यात घातली. तेवढं सौजन्य दाखवलं नसतं तरी चाललं असतं.

चूक माझ्या लॅपटॉपच्या पडद्याची होती. म्हणजे माझीच. पडदा स्वतः उजेड देतो, कागदाला बाहेरचा उजेड परत फेकून भागवावं लागतं. आपण सगळे पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून बसतो, त्यावर फोटो छान भरलेला वाटतो, आणि तोच आकडा कागदावर गेला की अंधार होतो. यावर महागडं उपकरण मिळतं. मी गरिबाचा उपाय केला. दिवसा खिडकीजवळ बसून पडद्यावर कोरं पांढरं पान उघडलं, शेजारी कोरा कागद धरला आणि दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत पडद्याचा उजेड कमी केला. माझा पडदा निम्म्याच्याही खाली गेला. आणि आजीचा फोटो त्यावर तसाच दिसू लागला जसा लिफाफ्यात होता, बुडालेला. मला एकदम कळलं की आजवर मी सगळेच फोटो कंदील लावून पाहत होते.

पोपटी काठाचं मात्र फार काही करता आलं नाही. पडद्यावरचे काही रंग कागदाला जमतच नाहीत, विशेषतः झगझगीत हिरवे. फाईल एसआरजीबी या रंगपद्धतीत ठेवली, कारण लॅबचं मशीन तीच धरून चालतं. फोनचा जास्त रुंद रंगपट्टा तसाच पाठवला असता तर चेहराही फिका आला असता. काठ जरा मातकट आला. आजीचं ते लुगडं धुऊन धुऊन तसंच झालं होतं, त्यामुळे आत्याला तो काठच सगळ्यात खरा वाटला.

दुसऱ्या खेपेला मी पूर्ण फोटो नेलाच नाही. आठ बाय बाराच्या एका पानावर आजीच्या फक्त चेहऱ्याच्या चार पट्ट्या केल्या. पहिली पडद्यावर कागदाशी जुळवल्यावर बरोबर वाटली तशी, पुढची प्रत्येक थोडी थोडी उजळ, चौथी पहिलीच्या दुप्पट प्रकाशाची. खाली १, २, ३, ४ असे आकडे. एका छोट्या प्रिंटच्या पैशात चार निकाल. जुने फोटोग्राफर डार्करूममध्ये हेच करत, एका कागदाच्या पट्टीवर वेगवेगळे सेकंद देऊन. मला वाटत होतं मी काहीतरी हुशारी काढलीय.

पान घेऊन वणीला आले. ओसरीवर उजेडात धरलं. मला दुसरी पट्टी पटली. त्यात आजी होती. तिचा रंग, उन्हानं रापलेला, कपाळावर चकाकी, तीन ठिपके मोजता येतात. बाबांनी चौथ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"बाबा, ही उजळ आहे. आजी अशी नव्हती."

"तिला अशीच आवडायची," बाबा म्हणाले. "आधारच्या फोटोला गेलो तेव्हा पावडर लावून आली होती. आठवतं ना? मग फोटो राखेसारखा आला म्हणून आठवडाभर कुरकुरत होती. माझा फोटो काळा येतो, काळा येतो, जन्मभर म्हणत राहिली. आता गेल्यावर तरी तिला पाहिजे तसा लावायचा की तुला पाहिजे तसा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही फारसं नाही. सावळ्या रंगाबद्दल मी पुण्यात बसून जे बोलते ते माझ्या पिढीला सोपं आहे. आजीला लग्नात रंगावरून काय काय ऐकावं लागलं ते तिनं एकदाच सांगितलं होतं, आणि तेही शेंगा फोडता फोडता, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. तिच्या पावडरीला खोटेपणा म्हणायचा हक्क मला कुणी दिला?

पण गोंदणाचं तसं नव्हतं. ते तिनं कधी लपवलं नाही. सात-आठ वर्षांची असताना दोघी बायांनी हात धरून ठेवले, तिसरीनं सुया टोचल्या, ती गावभर ऐकू जाईल अशी ओरडली, हे ती हसत सांगायची. दुखलं तर मग करून का घेतलं, असं मी विचारलं होतं. "सोनंनाणं इथंच ऱ्हातं, पोरी. हे तेवढं संगं येतं." आपल्याकडे कितीतरी बायकांचा असा विश्वास असतो. मेल्यावर बरोबर जाणारा हा एकच दागिना. आणि आम्ही तिला तोच काढून घेऊन भिंतीवर लावलं होतं.

त्या संध्याकाळी वाद तसाच राहिला. रात्री देवघरासमोर बसले तेव्हा सप्तशृंगीच्या दोन तसबिरी शेजारी शेजारी दिसल्या. वणीत वाढलेल्या कुणालाही या दोन तसबिरींची गोष्ट सांगावी लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. गडावरच्या अठरा हातांच्या देवीच्या मूर्तीवर पिढ्यान् पिढ्या शेंदूर चढत गेला होता. आम्ही लहानपणापासून पाहिलेला चेहरा त्या शेंदराचा होता, भरलेला, केशरी, मोठ्या डोळ्यांचा. २०२२ मध्ये मंदिर काही आठवडे दर्शनाला बंद ठेवून ते थर उतरवले गेले आणि खालची दगडातली मूर्ती दिसली. नाकडोळे रेखीव, हातांतली आयुधं स्पष्ट. नवरात्राला देऊळ उघडलं तोवर फोनवर नवे फोटो पोहोचले होते, आणि पुढे दुकानांतून नव्या तसबिरी आल्या. काही म्हाताऱ्यांना ही कोण असं झालं. आजी ट्रॉलीनं गडावर जाऊन दर्शन घेऊन आली. येताना नवी तसबीर आणली आणि जुनीच्या शेजारी ठेवली. जुनी काढली नाही.

मी तिला तेव्हा विचारलं होतं, यातली खरी कुठली? तिला प्रश्नच कळला नाही. "आता मी म्हातारी झाले, मंग माझा लग्नातला फोटो खोटा झाला का?"

हे आठवून वाद सुटला असं नाही. पण मी पान घेऊन माजघरात गेले, जिथे फ्रेम लागणार होती त्या भिंतीपाशी. हे मी आधी करायला हवं होतं. आमच्या माजघराला एक खिडक आहे आणि एक एल.ई.डी. बल्ब. तिथे धरल्यावर ओसरीवरची माझी लाडकी दुसरी पट्टी पुन्हा काळी पडली. तिसरी पट्टी तिथे तशी दिसली जशी दुसरी उजेडात दिसत होती. प्रिंट किती उजळ हवी हे नुसत्या फाईलवर ठरत नाही, ती कुठल्या भिंतीवर लागणार यावर ठरतं, हे कुठेतरी वाचलेलं होतं. वाचलेलं आणि आपल्या घराच्या भिंतीला हात टेकून पाहिलेलं यात फरक पडतो.

सकाळी आजोबांना बोलावलं. त्यांनी आदल्या दिवशी वादात तोंड घातलं नव्हतं. त्यांनी चष्मा चढवला, पान भिंतीला लावायला सांगितलं आणि जवळ गेले. रंगाबद्दल काही बोलले नाहीत. पहिल्या पट्टीवर नखानं मोजलं, एक, दोन... तिसरा ठिपका सापडेना. दुसरीत तीन, पण फार वेळ लागला. तिसरीत लगेच तीन. चौथीत वरचा ठिपका फिकटून कपाळात विरला होता.

"ही," ते तिसरीवर बोट ठेवून म्हणाले.

बाबांना ती हवी होती त्याहून सावळी होती, मला हवी होती त्याहून उजळ. आत्या म्हणाली, चला, ठरलं, आणि चहा टाकायला गेली.

मी आजीवर प्रकाश वाढवला, स्टुडिओवाल्यानंही वाढवला. यात फरक काय असं मला कुणी विचारलं तर मी फार मोठं तत्त्व सांगू शकणार नाही. तीन ठिपक्यांइतकाच फरक सांगता येईल. लॅबवाल्यांकडे शर्लीचं कार्ड होतं, माझ्याकडे आजीचं कपाळ. पूर्ण फोटो नेला तेव्हा मशीनवरच्या दादांना तेवढंच सांगितलं, हे तीन ठिपके वेगवेगळे दिसले पाहिजेत, बाकी तुम्हाला वाटेल ते करा. त्यांनी प्रिंट बाहेर पडल्यावर स्वतः उजेडात नेऊन मोजले. त्या गडबडीच्या दुकानात एक माणूस माझ्या आजीच्या कपाळाकडे वाकून पाहत होता.

कागद मी चकचकीत घेतला नाही. माजघरातला बल्ब बरोबर समोर आहे, चकचकीत कागदावर आधी तोच दिसला असता. बारीक दाणेदार पोताचा घेतला, त्यावर बोटांचे ठसेही कमी उमटतात. फ्रेमवाल्यानं विचारलं, लॅमिनेशन करून बोर्डावर चिकटवून देऊ का, काच लागणार नाही, स्वस्तात होईल. ते टिकतं, पुसायला बरं, पण एकदा चिकटवलं की फोटो कायमचा गेला, पुन्हा सुटा होत नाही. आणि नुसती काच लावली तर आमच्या पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो. पणजोबांचा एकुलता एक फोटो असाच काचेला धरून बसलाय. काढायला गेलो तर अर्धा चेहरा काचेवर राहील. म्हणून मी कडेनं जाड माउंट बोर्ड घालायला लावला, काच आणि कागदात फट राहावी म्हणून. वर-खाली सोडलेला कोरा इंच त्याखाली झाकला गेला. फ्रेमवाल्याला हे सगळं अति वाटलं असावं. तो म्हणाला, "एवढं कोण करतं हल्ली." त्यात कौतुक होतं की वैताग, कळलं नाही.

फ्रेम बंद करायच्या आधी मी प्रिंट उलटी केली. फाईलमध्ये तारीख, वेळ, सगळं लिहिलेलं असतं, पण कागदावर ते येत नाही. मागच्या कोऱ्या कडेवर मऊ पेन्सिलनं, दाब न देता लिहायचं; बॉलपेननं लिहिलं तर पुढच्या बाजूला उठाव उमटतो. आजीचं नाव लिहिलं. मग जन्मतारीख लिहावी म्हणून आजोबांना फोन केला.

"आधारवर एक जानेवारी आहे."

"ती सगळ्यांचीच असते, आजोबा. खरी?"

"खरी कुणाला ठाऊक."

मग फोटोची तारीख लिहिली, वेळ संध्याकाळी चार वाजून बावन्न मिनिटं. आजोबा फोनवरच होते. काय लिहिलंस, म्हणाले. मी वाचून दाखवलं. ते जरा थांबले.

"छाटणीचे दिवस होते," ते म्हणाले. "तेही लिही. त्या दिवशी ती बागेतून लवकर आली होती."

मी लिहिलं. फ्रेमवाला खिळे हातात घेऊन थांबला होता.